झाल झाली का?

शैला, त्यांनी तुझ्या नावापुढं 'कै.' लावलं आणि तुला परत ड्युटीवर घेतलं.

खरंच सांगते. कागद माझ्यापुढं पडलाय. 'अत्यवस्थ रुग्णांचे सुरक्षित स्थलांतर, एकदिवसीय प्रशिक्षण.' तारीख तू गेल्यानंतरच्या चौथ्या दिवसाची. प्रशिक्षक, कै. शैलजा. खाली चाळीस नावं, आणि सगळ्यांपुढं एकच शब्द, उत्तीर्ण. त्या दिवशी आपल्या दवाखान्याच्या मीटिंग हॉलमधे काय चालू होतं म्हणशील, तर तुझी शोकसभा! म्हणजे मेलेल्या बाईनं स्वतःच्या शोकसभेत चाळीस जणांना शिकवलं आणि पास करून टाकलं. तिमाही संपत आली, वर अहवाल जायचाय, म्हणून ऑफिसातल्या बाबूनं कागद तयार केला आणि माझ्याकडं घेऊन आला. "अक्का, तुमी सगळ्यात जुन्या. मॅडमच्या जागी सही मारा. सोमवारी पाठवायचंय." मी विचारलं, "हे कै. कशाला लावलंस रे?" तर म्हणतो, "न लावून कसं चालंल? वारल्यात ना त्या." मान राखला म्हणे तुझा. कागद त्याच्या तोंडावर फेकून मारावा वाटला, पण हातात धरून बसले.

कारण त्या चाळिसांत तेविसावं नाव माझं आहे. उत्तीर्ण. तीन वर्षं मी तुझ्याशी त्या एका शब्दासाठी भांडले, तू दिला नाहीस. बाबूनं बसल्या जागी दिला आणि वर चहा पाजला.

सोमवार परवा आहे. सही करायची का नाही, हे ठरवायच्या आधी तुला एक गोष्ट सांगायचीय. मी तुझ्याशी खोटं बोलले. शेवटचं जे बोलले तेच खोटं बोलले. दुसऱ्या कुणाला सांगायला मला तोंड नाही, म्हणून तुलाच लिहायला बसले.

पण त्याच्या आधी भांडण सांगू दे, नाहीतर तू म्हणशील अक्का लगेच रडायला लागली.

तू पहिल्यांदा आलीस तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणाले होते, ही वालूरची पोरगी मला काय शिकवणार! मला नोकरीत अठ्ठावीस वर्षं झालेली. तू मोठ्या शहरातल्या आयसीयूत उमेदीची वर्षं काढून परत आलेली, पायात साधी चप्पल, हातात वही. जिल्ह्यातल्या दवाखान्यांना एकच गोष्ट शिकवायचं काम तुझ्याकडं होतं, पेशंट एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात जिवंत कसा पोचवायचा. मी म्हणाले, "त्यात काय शिकायचंय? गाडीत टाकायचं अन् न्यायचं." तू वहीत काहीतरी लिहिलंस. पुढं कधीतरी ती वही मी उघडून पाहिली. माझंच वाक्य होतं, 'टाकायचं' या शब्दाखाली दोन रेघा.

आणि टाकतच तर होतो आपण. आता आठवलं की घाण वाटते. "इथं होत नाही, पुढं न्या." बास, एवढं म्हटलं की आपली सुटका. नातेवाईक धोतराचा सोगा सावरत गाडीत चढायचे, कुणी सलाईनची बाटली हातात उंच धरायची, चिठ्ठीवर डॉक्टरांचं अक्षर असं की डॉक्टरांनाही वाचता येऊ नये. ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का नाही ते देवाला माहीत. तिकडं पोचलं की दारातच पेशंट उतरवायचा, चिठ्ठी टेबलावर ठेवायची आणि निघायचं. निघताना मात्र एक गोष्ट कुणी कधी विसरलं नाही. आपलं ब्लँकेट. कोपऱ्यात लाल रंगानं दवाखान्याचं नाव घातलेलं ब्लँकेट पेशंटच्या अंगावरून काढून, घडी करून, परत आणायचं. ते हरवलं तर खुलासा द्यावा लागायचा ना! पेशंट हरवला तर खुलासा लागत नव्हता.

तू पहिल्याच आठवड्यात दारात उभी राहून परत आलेल्या गाडीला विचारलंस, "पेशंट दिला का ब्लँकेट आणलं?" गफूरभाई आपला ड्रायव्हर, पंचवीस वर्षं गाडी मारलेला माणूस, तो चक्क लाजला. मी नाही लाजले. मला तुझा राग आला.

आणि 'पुढं न्या' म्हणायची तर तू बंदीच घातलीस. कुणी म्हणालं की तू भर वॉर्डात त्याला थांबवायचीस. "पुढं म्हणजे कुठं, डॉक्टर? जिंतूर? परभणी? का वर?" आणि बोट आभाळाकडं. नवा डॉक्टर होता बिचारा, घाबरून त्यानं खरंच वर पाहिलं.

तुझी ती पहिली ट्रेनिंग आठवते. पडद्यावर चित्रं, बाण, चौकोन. जेवण झालेलं, पंखा चालू, अर्धी माणसं झोपलेली, उरलेली मोबाइलमधे. मीही मोबाइलमधेच होते, लेकीच्या लग्नाचे फोटो शेजारणीला दाखवत बसलेले. तू येऊन माझ्या डोक्यावर उभी राहिलीस. मला वाटलं आता ही ओरडणार. तर तू फोटो पाहत म्हणालीस, "अक्का, ही कोण, डोक्यावर दुरडी धरलेली?" मी म्हणाले, "माझी विहीण. झाल चालू आहे." तू म्हणालीस, "सांगा सगळ्यांना, झाल कशी करतेत."

आता झाल काय सांगायची! कुणाला माहीत नाही? लग्न उरकलं, नवरी निघायच्या आधी वेळूच्या दुरडीत दिवे लावायचे आणि ती पेटती दुरडी सासरच्या एकेकाच्या डोक्यावर धरायची. सासू, सासरा, दीर, जाऊ. आणि प्रत्येकाला सांगायचं, आमची लेक आता तुमच्या पदरात घातली, सांभाळा. मी सांगितलं. आणि शेखी मिरवायची म्हणून पुढचंही सांगितलं, की विहीणबाईंचं लक्ष व्हिडिओवाल्याकडं होतं, तर मी दुरडी परत त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, माझ्याकडं पाहा आणि तोंडानं म्हणा, घेतली. त्या 'घेतली' म्हणेपर्यंत मी लेकीचा हात सोडला नाही. पालमची आहे मी, अशी सोडते का!

सगळे हसले. तू हसली नाहीस. पडदा बंद केलास आणि म्हणालीस, "उद्यापासून आपल्या प्रत्येक पेशंटची झाल होईल."

पाच दिवे ठरवलेस तू. एक, पेशंट कोण आणि त्याला काय झालंय. दोन, आतापर्यंत काय दिलं. तीन, आत्ता काय चालू आहे. चार, वाटेत काय झालं. आणि पाच, काय थांबू द्यायचं नाही. देणाऱ्यानं पाचही मोठ्यानं सांगायचे, घेणाऱ्यानं पाचही मोठ्यानं परत म्हणायचे, आणि शेवटी म्हणायचं, 'घेतला' किंवा 'घेतली'. तो शब्द येईपर्यंत पेशंट आपला. गफूरभाई म्हणाले, "आमच्यात रुखसती म्हनतेत, मॅडम. माय रडती, बाप दुवा देतो. पर हे वदवून घ्यायचं लय भारी हाय." दोन महिन्यांत जिल्ह्यातल्या गाड्यांवर एकच प्रश्न झाला. फोन लागला की हॅलो नाही, काही नाही. झाल झाली का?

देवगाव फाट्यावरचा दिवस तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. तुला रस्त्यावरच तालीम घ्यायची होती. पेशंटच्या जागी झोपवायचा बाहुला आला नव्हता म्हणून गफूरभाईंना स्ट्रेचरवर झोपवलंस, नाकाला ऑक्सिजन, हाताला सलाईनची नुसती नळी चिकटवलेली. फाट्यावर, चहाच्या हॉटेलासमोर गाडी उभी, मागचं दार सताड उघडं आणि तू ओरडायलीस, "काटा कुठंय? सिलिंडरचा काटा बघा! फाट्यावरच अर्ध्याखाली गेला तर पुढं जायचं का मागं फिरायचं?" एसटीची वाट बघणारी सगळी माणसं गोळा झाली. एका म्हातारीनं गफूरभाईंच्या अंगातला खाकी शर्ट पाहिला आणि कपाळाला हात लावला, "आगं बाई बाई, डायवरच गेला की! आता गाडी कोन नेणार?" गफूरभाई मास्क काढून उठून बसले. "मेलो न्हाई, मावशी. टरेनिंग चालू हाय." म्हातारी अशी दचकली की तिच्या पिशवीतली वांगी रस्त्यावर. तू गुडघ्यावर बसून वांगी गोळा करत होतीस, हसून हसून तुला श्वास घेता येईना. तशीच मला दिसतेस तू अजून.

आणि तू मला नापास केलंस. एकदा नाही, दोनदा. माझ्याच लेकीच्या झालीवर मला नापास!

दुसऱ्यांदाचं सांगते. खराखुरा पेशंट होता, साप चावलेला, सोयाबीन काढायला गेलेला माणूस. तू गाडीत मागं बसलीस, एक शब्द बोलली नाहीस, नुसती वही. मी सगळं बरोबर केलं. पट्टे, काटा, नळी, सगळं. मोठ्या दवाखान्यात पोचलो, तिथल्या ड्युटीवरच्या माणसाला पाचही दिवे सांगितले, एकही चुकले नाही. तो मोबाइल बघत होता, त्यानं मान हलवली. मी ब्लँकेटसुद्धा तिथंच सोडलं आणि निघाले. गाडीत बसल्यावर तू म्हणालीस, "नापास."

"अगं, त्यानं मान हलवली की!"

"मान काय, माशी बसली तरी हलते, अक्का. घेतला म्हणाला का तो?"

मी जे काही बोलले त्यानंतर, ते इथं लिहीत नाही. पण एक बोलले ते खरं होतं आणि ते मी आजही बोलेन. मी म्हणाले, "शैला, तू वहीवाली आहेस. मी गाडीवाली आहे. त्या माणसाच्या तोंडातून शब्द निघायची वाट बघत मी दोन तास तिथं उभी राहिले, तर इकडं तालुक्याला गाडी नाही, औषध थेंब थेंब मोजून सोडणारा आपला एकुलता पंप नाही, काही नाही. एक पेशंट नीट द्यायचा म्हणून दुसरा मरू द्यायचा का? सांग ना."

तू म्हणालीस, "लेकीसाठी थांबलात. पेशंटसाठी कामून थांबत नाहीत?"

"लेक एक असते!" मी ओरडले.

देवगाव फाटा आला. मग तू हळू म्हणालीस, "तुमच्या बोलण्याला माझ्याकडं उत्तर नाही, अक्का. शोधायला लागंल." आणि शोधलंसही. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या पंपासाठी अर्ज दिलास. गाडीचा पंप पेशंटबरोबर राहील, दवाखान्याचा दवाखान्यात. तीनदा दिलास. तिन्ही अर्ज साहेबांच्या कपाटात आहेत, मी काल पाहिले. तिसऱ्यावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे.

हे भांडण आपलं तिथंच राहिलं, शैला. आणि मग ते तुझ्यावरच आलं.

तीन दिवस ताप अंगावर काढलास. जगाला सांगायचीस, वेळेत हलवा, वेळेत हलवा, आणि स्वतः पॅरासिटामॉल खाऊन मानवतला ट्रेनिंग घ्यायला गेलीस. चौथ्या दिवशी सकाळी तुला आपल्याकडं आणलं तेव्हा हातपाय गार आणि बीपी लागत नव्हतं. तापाचं विष रक्तात भिनलेलं. डॉक्टरांनी बीपी धरून ठेवणारं औषध पंपावर लावलं. थेंब थेंब जाणारं, क्षणभरही बंद पडू द्यायचं नाही असं. त्यानं तू जरा सावरलीस, डोळे उघडलेस. डॉक्टर म्हणाले, "पुढं..." आणि तुझ्याकडं बघून थांबले, आणि पूर्ण नाव-गाव घेऊन सांगितलं कुठल्या शहरात, कुठल्या दवाखान्यात न्यायचं ते. त्या माणसाला मी तेवढ्यासाठी मानते.

माझी ड्युटी संपली होती, तरी मीच बसले. गफूरभाईंनी गाडी अशी नेली की पाण्याचा पेला डुचमळला नसता. तुझ्या ट्रेनिंगमधलं एकूण एक केलं मी त्या दिवशी. फाट्यावर तू बोट उचलून विचारलंस, मला कळलं, काटा. मी म्हणाले, "अर्ध्याच्या वर." तू डोळे मिटलेस. एवढी चांगली नर्स मी एकतीस वर्षांत कधी नव्हते.

आणि दारात पोचलो. त्या दवाखान्याचं नाव मी घेत नाही, कारण कुठंही हेच झालं असतं. गर्दी, खाटा नाहीत, एका खाटेवर दोन. तिथला माणूस म्हणाला, "ठेवा तिकडं. चिठ्ठी टेबलावर." मी म्हणाले, "मला तोंडी सांगायचंय." "सांगा ना, ऐकायलोय." ऐकत नव्हता. दुसऱ्या पेशंटची सुई शोधत होता. मी चार दिवे सांगितले, पाचव्याला माझा फोन वाजला. आपल्याच दवाखान्यातून. बाळंतीण आलीय, रक्त थांबत नाही, बीपी उतरायलंय, हलवावी लागंल, गाडी आणि पंप घेऊन ताबडतोब या. तिथल्या माणसाला म्हणाले, "तुमचा पंप लावा, मग मी आमचा काढते." तो म्हणाला, "लावतोत की. दहा मिनटात मोकळा होईल एक. तुमी काढा तुमचा."

मी उभी राहिले, शैला. किती वेळ ते मला सांगता येत नाही. फोन परत वाजला. आणि तू डोळे उघडलेस, माझ्याकडं पाहिलंस. ओठ कोरडे पडलेले. तू विचारलंस, "झाल झाली का?"

मी म्हणाले, "झाली."

तू मान हलवलीस. मी पंप काढला, लाल रंगात आपल्या दवाखान्याचं नाव घातलेला पंप. औषध साध्या सलाईनमधे घालून अंदाजानं सोडून दिलं आणि तो छातीशी धरून गाडीकडं पळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. दुसरा पंप तुला किती वेळानं लागला, ते कुठं लिहिलेलं नाही. लागला का नाही, तेही नाही. मी पंप नसता काढला तर तू वाचली असतीस का, हे कुणी सांगू शकणार नाही, आणि सांगितलं तरी मी विश्वास ठेवणार नाही. आणि ऐक, ती बाळंतीण. आम्ही पोचलो तेव्हा तिला तिचा भाऊ भाड्याच्या जीपमधून घेऊन गेलेला होता. ती वाचली, बाळही वाचलं. पंप लागलाच नाही. तो आता आपल्या कपाटात वरच्या फळीवर आहे. येता-जाता दिसतो आणि मला माझ्या हातांची किळस येते. पेशंट दिला का ब्लँकेट आणलं, असं तू विचारायचीस ना? पंप आणला मी. सहीसलामत आणला.

तुझ्या शोकसभेत हे मी बोलायला हवं होतं. नाही बोलले. बाकीचेच लय बोलले. बॅनरवर तुझा फोटो, त्यावर 'शैलेजा' छापलेलं. तुझ्या एकाही ट्रेनिंगला जे पाच मिनिटांवर टिकले नाहीत, ते म्हणत होते की मॅडमनं आम्हाला घडवलं. साहेब म्हणाले की त्यांनी पेटवलेला दिवा आपण विझू द्यायचा नाही. पाच दिवे कोणते, विचारलं असतं तर एक सांगता आला नसता मेल्यांना! मग समोसे आले. आणि समोसे खाताना हजेरीवर सह्या घेतल्या. मला तेव्हा कळलं नाही ती हजेरी कशाची. त्याच सह्या आता या कागदाला जोडल्यात, ट्रेनिंगच्या म्हणून. माझीपण आहे त्यात. समोशाचं तेल लागलंय तिला.

ओकारी येते, शैला. त्यांची येते, पण जास्त माझी येते. त्यांनी निदान तुला खोटं सांगितलं नाही, ते तुझ्याशी बोललेच नाहीत. मी तुझ्या डोळ्यांत बघून खोटं बोलले.

काल वालूरला गेले होते. तुझी माय ओसरीवर बसली होती, बायका भोवती. मी म्हणाले, "मावशी, जरा एकटीशी बोलायचंय." तिनं बायकांना उठवलं. मी म्हणाले, "शैलाची झाल राहिलीय. ती करायला आलेय." मला वाटलं तिला समजावून सांगावं लागेल. ती म्हणाली, "सांग. पोरगी माझ्यावरच तालीम करायची. मी चुलीपुढं अन् ही दारात. माय, मी दिली, तू घेतली म्हन. लगीन तर कुठं करती, दुसऱ्याच्याच झाली करायली, म्हनायचे मी तिला."

मी सांगितलं. कोण, काय झालं. काय दिलं. काय चालू होतं. वाटेत काय झालं, फाट्यावर बोट कसं उचललंस तेपण. आणि पाचवा, काय थांबू द्यायचं नव्हतं. तिनं एकेक परत म्हटला, अगदी नियमानं, तापाचे दिवससुद्धा चुकली नाही. चार म्हणून झाले.

"पाचवा, मावशी?"

"पाचवा तू पुन्यांदा सांग."

मी पुन्हा सांगितला. "औषध थांबू द्यायचं नव्हतं. पंप काढायचा नव्हता."

"कोनी काढला?"

"मी काढला."

"अन् तिला काय सांगितलंस?"

"झाल झाली, म्हणून सांगितलं."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग मान हलवली आणि म्हणाली, "ऐकलं."

मी थांबले. तो शब्द नव्हता हा, तिलाही माहीत होतं, मलाही. सेलूची एसटी येऊन हॉर्न वाजवून गेली, मी उठले नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "दुसरीबी हुकंल तुझी. जा आता." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं मला. तिनं पाणी दिलं. मी प्याले आणि आले.

आता कागद. तेविसाव्या नावापुढचं 'उत्तीर्ण' मी खोडलंय आणि 'नापास' लिहून बाजूला सही केलीय, ठळक. प्रशिक्षकाच्या जागी सही केली नाही. 'कै.'ला हात लावला नाही. तुझ्या तिन्ही अर्जांच्या झेरॉक्स काढून मागं टाचल्यात, चहाच्या डागासकट. शोकसभेतल्या हजेरीवर लिहिलंय, 'ही सही समोशांची आहे, प्रशिक्षणाची नाही.' सोमवारी बाबू डोक्याला हात लावील. साहेब बोलावतील, खुलासा मागतील. मागू दे, पहिल्यांदाच पेशंटचा खुलासा मागतायत. मंगळवारी चाळिसांना हॉलमधे बोलावलंय, समोसे नाहीत. गफूरभाई स्ट्रेचरवर झोपायला तयार आहेत. शिकवणार नापास झालेली बाई, पण काय चुकतं ते तिला नीट माहीत आहे.

आणि बुधवारी परत वालूर. 'घेतली' म्हणेपर्यंत पेशंट आपला, हा नियम तुझाच. तुझी माय अजून म्हणाली नाही. न म्हणो बापडी, तिचा हक्क आहे. तोवर तू माझ्याकडंच आहेस, शैला, आणि या वेळी फोन कुणाचाही वाजू दे, मी दारातून हलत नाही.